सालीखालची हिरवी रेघ

आमच्याकडे दिवाळी उरकली की संत्र्याची कलमं बांधायला सुरुवात होते. जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, रोप तोवर पेन्सिलीएवढं जाड झालेलं असतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला उभी-आडवी चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून एक इवलासा कोंब सालीसकट काढायचा, तो त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधायची. तीनेक आठवड्यांनी पट्टी सोडली की कोंब एकजीव झालेला असतो. या कोंबाला आमच्या धंद्यात डोळा म्हणतात. माझे डोळे बिघडल्यावर आमच्या कारंजा गावातल्या झाडून सगळ्या ओळखीच्यांनी यावर विनोद करून घेतलेला आहे, तेव्हा मी इथे कोंबच म्हणतो.

हे काम मी तीस वर्षांहून जास्त करतो आहे. मी चिरायचं, कोंब बसवायचा आणि बायकोने मागून पट्टी बांधत यायचं, अशी आमची जोडी. घरातलं बोलणंही त्याच पद्धतीने चालतं. विषय मी उकरतो, बांधून ती टाकते.

डोळे लाल व्हायला लागले तेव्हा गावभर डोळ्यांची साथ होती. सगळ्यांचे आले, माझेही आले. लोकांचे आठवड्यात गेले, माझे मात्र मुक्कामाला राहिले. आमच्या भागात डोळ्यांवर औषध सांगायला डिग्री लागत नाही, दोन डोळे असले की पुरतं. शेजाऱ्याने आपली उरलेली बाटली दिली, मेडिकलवाल्याने दुसरी दिली, कोणी गुलाबजल सांगितलं, कोणी शेळीचं दूध. मी शेळी सोडून सगळं करून पाहिलं. लाली चार दिवस उतरायची आणि पाचव्या दिवशी परत यायची. फवारणीचं असेल, संत्र्याच्या फांद्यांची धूळ असेल, असं म्हणत मी जवळजवळ दोन वर्षं काढली. डोळ्यांत सतत वाळू असल्यासारखं वाटे. उन्हात गेलो की पाणी, सावलीत आलो की चिपडं.

त्याच काळात माझ्या हिरड्याही सोलून निघत होत्या. गालाच्या आत फोड यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. ठेचा बंद झाला, मग तर्री बंद झाली, शेवटी भाजीत साधी मिरचीची फोडणी पडली तरी मी ताटावरून उठायचो. हे खर्ऱ्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या तोबऱ्यामुळे, आहे असं बायकोने एका वाक्यात ठरवलं, आणि मी घाबरून खर्रा सोडला. वर्षभराने तोंड होतं तसंच. खर्रा फुकट सुटला याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

डोळे आणि तोंड ही दोन वेगळी दुखणी आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. डोळ्याच्या डॉक्टरला तोंड दाखवायचं म्हणजे पंप दुरुस्त करणाऱ्यापुढे ट्रॅक्टर उभा करण्यासारखं, अशी माझी समजूत होती. ही समजूत मला महागात पडली.

एका सकाळी दाढी करताना डाव्या डोळ्यात काहीतरी टोचलं. कचरा असेल म्हणून आरशासमोर खालची पापणी बोटाने ओढली, तर आत एक पांढुरका पडदा दिसला. पापणीच्या आतल्या बाजूपासून निघून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जाऊन चिकटलेला. पापणी आणखी ओढली की तो ताणायचा. मी आयुष्यभर जोड लावत आलेला माणूस, जोड ओळखायला मला भिंग लागत नाही. पापणी डोळ्याला जुळून चालली होती.

त्याच आठवड्यात बायकोला घेऊन एसटीने आर्वीवरून वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो आणि तिला बाकावर बसवून एकटाच आत शिरलो. डोळ्यांच्या विभागात एक तरुण डॉक्टर बाई होत्या, बोलण्यावरून सांगली-साताऱ्याकडच्या. त्यांनी यंत्रावर माझी हनुवटी टेकवली, दोन्ही पापण्या उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, की काका, तोंडात फोड येतात का. मी म्हणालो, मॅडम, मी डोळे दाखवायला आलो आहे. खरं तर तेव्हाही गालाच्या आत एक फोड ठणकत होता. पण सकाळपासून उपाशी, दोन तास रांगेत आणि आता ही बाई भलतीकडे चालली, अशा रागात मी तोंड मिटून घेतलं.

त्या म्हणाल्या, एका दुर्मिळ आजाराचा संशय आहे, तपासण्या कराव्या लागतील. मी म्हणालो, तपासण्या राहू द्या, तो पडदा तेवढा कापून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी कापायला स्वच्छ नकार दिला. आधी डोळ्यांतली आग शमली पाहिजे, आत्ता कापलं तर वाढेल, असं काहीसं त्या समजावत राहिल्या. मी ऐकत होतो म्हणजे कानावर पडत होतं. परतीच्या एसटीत मी बायकोला सांगितलं, की शिकाऊ पोरगी आहे, हात थरथरत असेल.

मग मी दुसरीकडे जाऊन तो पडदा कापून घेतला. कुठे ते सांगत नाही, कारण चूक त्या डॉक्टरांची नव्हती. मोठ्या दवाखान्यात काय सांगितलं ते मी त्यांना कळू दिलं नाही. तिथला कागद पिशवीत होता, मी पिशवी बायकोकडे दिली आणि तिला बाहेर बसवलं.

पहिले आठ-दहा दिवस मी राजासारखा हिंडलो. पापणी मोकळी, डोळा हलका. भेटेल त्याला पापणी ओढून दाखवायचो. लोकांनी बघितलंही बिचाऱ्यांनी.

नेमके तेच दिवस रोपवाटिकेत पट्ट्या सोडायचे होते. आम्ही दोघं वाफ्यात समोरासमोर बसून एकेक पट्टी सोडत होतो. कोंब छान जुळले होते. त्या हंगामात जळालेला कोंब शोधून काढावा लागत होता, इतकं काम उत्तम बसलं होतं. मी खुशीत मान वर केली, तर बायको माझ्या डोळ्याकडे टक लावून बघत होती. तिने मला वर बघायला सांगितलं. उजवा डोळा वर गेला, डावा अर्ध्यावर अडकला. तिने पापणी ओढायचा प्रयत्न केला, ती सुटेचना. पहिला पडदा दोऱ्याएवढा होता, आता बोटाच्या पेराएवढा जोड झाला होता आणि पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासत होते.

तिने हातातली सुटी पट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, "चिरलं तं ते जुळनच ना. तीस वर्षं झाले, तुम्ही दुसरं काय करून राह्यले?"

साल चिरून, उघड्यावर उघडं टेकवून ठेवलं की ते जुळतं, या एका गोष्टीवर मी घर चालवलं, दोन मुली शिकवल्या, आणि ती गोष्ट मला स्वतःच्या पापणीच्या वेळी आठवली नाही. मला राग आला नाही, लाजही फारशी वाटली नाही. मला भीती वाटली. कारण तिने मग उजवी पापणी ओढून पाहिली आणि काम टाकून मला घरी नेलं. आरशात पाहिलं तर उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तशीच एक बारीक घडी धरायला लागली होती. डावा मी घालवला होता. आता उजवा राहतो की जातो, एवढाच प्रश्न उरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. वाटेत मी मनातल्या मनात बोलणी खायची तयारी केली होती. डॉक्टर बाईंनी डोळा बघितला आणि बायकोला विचारलं, की काकू, यांना जेवताना त्रास होतो का. बायकोने मिरचीपासून खर्ऱ्यापर्यंत सगळी कथा सांगितली. ती संपेपर्यंत मी आपण होऊन तोंड उघडून बसलो होतो. आवाज न करता इतका वेळ तोंड उघडं ठेवायची माझी ती पहिलीच वेळ, असं बायको अजून सांगत असते.

गालाच्या आतून आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढले. नेहमीच्या औषधात नाही, एका वेगळ्या द्रवात बुडवून ते बाहेरगावी पाठवले. एका खास रंगाचं औषध टाकून, खास उजेडात ते पाहतात म्हणे. काही दिवसांनी बोलावणं आलं.

मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. पेम्फिगॉइड. मग समजावायला सुरुवात केली, की काका, आपल्या शरीरात सैनिक असतात, ते बाहेरच्या शत्रूशी लढतात, पण कधी कधी ते आपल्याच… मी हात वर केला. शुगरच्या डॉक्टरपासून टीव्हीवरच्या जाहिरातीपर्यंत सगळ्यांनी माझ्या अंगात सैनिक भरून ठेवले आहेत आणि त्यातल्या एकाचंही काम मला आजवर कळलेलं नाही. मी म्हणालो, "सैनिक राहू द्या मॅडम. तिथं झालं काय, ते दाखवा."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या अंधारात एक चमकदार हिरवी रेघ होती. लांबच लांब, सुताएवढी बारीक, कुठे तुटलेली नाही. त्या म्हणाल्या, वरचं कातडं हे, खालचं मांस हे, आणि दोघांना धरून ठेवणारा एक पातळ थर मधे असतो. माझ्याच रक्तातले काही कण त्या थराला परका समजून त्यावर जाऊन बसले आहेत, तेच इथे हिरवे दिसताहेत. त्यामुळे थर सुटतो, वरचं कातडं मोकळं होऊन फोड येतो, जखम उघडी पडते आणि समोरच्या जखमेला जुळते. हिरड्यांत तेच आणि डोळ्यांतही तेच.

मी ती रेघ ओळखली. रोज बघतो. नखाने साल खरवडली की लाकडावर असाच हिरवा पातळ थर दिसतो. तो हिरवा असला तर झाड जिवंत. साल लाकडापासून सुटते ती तिथूनच आणि कोंब जुळतो तोही तिथेच. मी हे सगळं मॅडमना सांगितलं. सांगताना जरा उत्साहातच आलो, त्यांच्या टेबलावरचं पेन घेऊन त्यावर चीर कशी देतात तेही दाखवलं. कलम बांधायच्या आधी आम्ही रोपांना पाणी देतो. रस चढला की साल अलगद सुटते आणि तेव्हा दिलेली चीर हमखास जुळते. रस नसेल तर चाकू खिशात ठेवायचा, कारण केलेलं काम वाया जातं.

त्यांनी पेन परत घेतलं आणि विचारलं, "आणि काका, चीर द्यायची आहे, पण ती जुळायला नको आहे, असं असेल तर?"

"मंग रस उतरू द्या लागन," मी म्हणालो. "झाड झोपलं का चीर जुळत नाई."

"गोळ्या त्यासाठीच आहेत," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला हेच सांगत होते, पहिल्या दिवशी."

तीस वर्षं कलमं बांधणारा कारागीर त्या दिवशी खुर्चीत चांगला आक्रसून बसला होता. पण खरं सांगतो, भीती तिथेच अर्धी झाली. जे कळत नाही त्याची भीती वेगळी असते. आता निदान माझ्या डोळ्यांत काय चाललं आहे हे मला माझ्या कामाच्या भाषेत माहीत होतं.

मॅडमनी गोड बोलून काही लपवलं नाही. हा आजार मुळासकट जात नाही, झोपवता येतो. गोळ्या अंगातली ताकद जरा दाबून ठेवणाऱ्या, म्हणून ठरल्या दिवशी रक्त तपासायचं, ताप आला तर घरगुती काढा न पिता तडक फोन करायचा, आणि बरं वाटलं म्हणून मनाने गोळी सोडायची नाही. डाव्या डोळ्याचं जे गेलं ते गेलं. उजव्याचं वचन देत नाही, म्हणाल्या, मेहनत करू. दर वेळी त्या खालच्या पापणीच्या आतली खोबण किती खोल उरली आहे ते एका बारीकशा पट्टीने मोजायच्या आणि लिहून ठेवायच्या. खोबण उथळ झाली म्हणजे जोड पुढे सरकला. तो आकडा सांगेपर्यंत बायको दाराशी पदराचं टोक पिळत उभी असे.

सोबत डोळ्यांत घालायला खोट्या अश्रूंची बाटली दिली, दिवसातून कितीतरी वेळा. बायकोने ती हातात घेऊन नीट वाचली आणि म्हणाली, की सासरे वारले तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत टिपूस आला नव्हता, आता विकत आणून रडवा. आत वळलेले केस दवाखान्यात उपटून मिळत. त्या वेळी मी जे शब्द तोंडातून काढायचो ते ऐकून नर्सबाईंनी मला एकदा विचारलं होतं, की काका, तुम्ही ट्रक चालवता का.

पहिले दोन-तीन महिने खोबणीचा आकडा खाली गेला. थोडाच, पण गेला. त्या दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसायचो आणि देवळात जाऊन बसायचो, जो माझा स्वभाव नाही. मॅडमनी गोळी बदलली, धीर धरा म्हणाल्या. पाण्याची पाळी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी साल सुटते का, असं त्यांनी मला विचारलं. माझंच शस्त्र माझ्यावर चालवायला त्या लवकर शिकल्या.

पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा कलमांचा हंगाम आला. धुळीसाठी बाजूने बंद असलेला चष्मा लावायचा हुकूम होता. तो लावून वाफ्यात बसलो तर मजूर बायांनी विचारलं, की बुढं मोटारसायकल उडवायला निघालं का. पण खरी अडचण पुढे होती. एका डोळ्याला चाकू किती आत गेला ते कळत नाही. मी दिलेल्या चिरा कुठे लाकडापर्यंत जाऊ लागल्या, कुठे सालीवरच राहू लागल्या. एक वाफा बिघडवल्यावर बायकोने माझ्या हातातून चाकू घेतला आणि पट्ट्यांची गुंडाळी माझ्या मांडीवर टाकली.

इतकी वर्षं माझ्या मागे बसून ती काय करत होती ते मला त्या दिवशी कळलं. ती माझ्यापेक्षा सरळ चिरते. कोंबही माझ्यापेक्षा कमी जाळते. याचं मला चांगलंच दुःख झालं, आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. पट्टी बांधायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. आता ती सुरू करते आणि मी बांधतो, म्हणजे शेवटचा शब्द माझा असायला हवा. तो अजून तिच्याकडेच आहे.

त्या हंगामातल्या पट्ट्या सोडून झाल्यावर दवाखान्यात गेलो. खोबणीचा आकडा मागच्या वेळेइतकाच होता. त्याच्या पुढच्या खेपेलाही तोच, आणि त्याच्या पुढच्याही. डोळा पांढराशुभ्र. मॅडमनी आकडा सांगितला तेव्हा बायकोने पिळलेला पदर सोडला आणि ती तिथेच, सगळ्यांसमोर रडली. मी माझी बाटली तिच्यापुढे धरली, म्हटलं, वाया काऊन घालवतेस, माझ्यासाठी ठेव थोडे. मॅडम हसल्या.

मागच्या महिन्यात तिथल्याच बाकावर आम्ही नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारी जाम गावची एक बाई होती, हायवेवर पोह्याचा ठेला चालवणारी, पन्नाशीची. डोळे लालभडक, पदराने सारखे टिपत होती. आतून नुकतीच आली होती आणि रागात होती. बायकोने विचारल्यावर भडाभडा बोलली. पापणी आत चिकटली आहे, कापून टाका म्हटलं तर डॉक्टरीण कापत नाही, नुसत्या तपासण्या सांगते. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जाऊन कापून घेणार, ठरलं आहे. हातात कागदाची घडी होती, ती तिने पिशवीत कोंबली.

मला रोपाचं, सालीचं, रसाचं सगळं सांगायचं होतं. जीभ वळवळत होती. पण बाई घाईत होती आणि उठायलाच निघाली होती. मी चष्मा काढला. डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं, मग उजव्यावर.

"हा माह्या अकलेनं झाला," मी म्हणालो. "अन् हा त्या मॅडमच्या."

ती उभी राहिली तशीच राहिली. आधी डावा पाहिला, जुळून बसलेला, अर्ध्यावर थांबलेला. मग उजवा. पुन्हा डावा. कोणी माझ्या तोंडाकडे इतका वेळ पाहिल्याचं मला आठवत नाही. मग हळूच खाली बसली आणि बायकोच्या कानाशी लागली. पण मला ऐकू आलं.

"माह्या तोंडातबी फोड येतेत व बाई," ती म्हणाली. "ते मी आत सांगतलंच नाई."

बायकोने तिची पिशवी उचलली, तिला दंडाला धरलं आणि रांगेतल्या लोकांना बाजूला सारत थेट आत घेऊन गेली.